ओसाड वास्तूंचा रंग

(बुलढाणा येथील वार्षिक स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्या चित्रकलाशिक्षकांच्या स्मृतीला ही व्याख्यानमाला वाहिलेली आहे, त्यांनी आपले विद्यार्थी शाळेच्या चार भिंतींबाहेर नेऊन जिल्ह्यातल्या पडक्या देवळांसमोर आणि वाड्यांसमोर बसविले, आधी पाहावयास व मग रेखाटावयास शिकविले, असे त्यांच्या सहवासात वाढलेली मंडळी सांगतात. म्हणून त्यांच्या नावे बोलावयाचे तर पडक्या वास्तूंविषयीच बोलावे, असे निमंत्रण स्वीकारतानाच मी ठरविले. विषय आटोपशीर आहे. ओसाड वास्तूचे छायाचित्र घेऊन झाल्यावर संगणकावर त्याचे संस्करण होते, त्या वेळी त्यातील रंग राखावे की काढून टाकून चित्र कृष्णधवल करावे, एवढाच तो प्रश्न. हा प्रश्न केवळ अभिरुचीचा आहे, ज्याला जे रुचेल ते त्याने करावे, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. मला ते मान्य नाही. ज्या वास्तूत आता कोणी राहत नाही, जिच्याविषयी सांगावयास घरचे माणूस उरलेले नाही, तिचे छायाचित्र हे पुष्कळदा तिचे अखेरचे बयान असते. आणि बयानातील कोणता भाग ठेवावा व कोणता गाळावा हे ठरविणाऱ्याच्या अंगावर अभिरुचीपेक्षा मोठी जबाबदारी येते.

आपल्या जिल्ह्याला अशा वास्तूंची वाण नाही. लोणारच्या विवरात आणि त्याच्या काठावर विखुरलेली देवळे, सिंदखेड राजाचे वाडे, बारवा आणि काम अपुरे राहिलेला काळाकोट, मेहकरचा कंचनीचा महाल, रोहिणखेडची सोळाव्या शतकातील मशीद, सातगाव भुसारीची हेमाडपंती शिल्पे, आणि ज्यांची नावे कोणत्याही सरकारी यादीत नाहीत अशा गावोगावच्या पांढऱ्या मातीच्या गढ्या व देशमुखी वाडे. १८७० साली जलंब-खामगाव हा लोहमार्ग झाला, तो कापसासाठी; त्या कापसाच्या वैभवातून उभे राहिलेले आणि पुढे बंद पडलेले जिनिंग-प्रेसिंगचे इमलेही याच यादीत घालावयास हवेत. या सर्वांना एकाच भावनेने ‘भग्नावशेष’ म्हणण्याची आपली सवय आहे, आणि कृष्णधवल चित्र त्या सवयीला फार लवकर साहाय्य करते.

या मुलखात छायाचित्रण आले ते एका अशा माणसाबरोबर, की ज्याच्या आयुष्यात रंग आणि कृष्णधवल यांचा हा वाद फार कठोर रीतीने निकालात निघाला. मद्रासच्या फौजेतील अधिकारी रॉबर्ट गिल याची १८४४ साली अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्याच्या कामी नेमणूक झाली. ज्या डोंगररांगेवर आपले बुलढाणा वसले आहे, तिच्याच पश्चिमेकडील दरीत त्याने वर्षानुवर्षे मोठमोठ्या पटांवर तैलरंगांत ती चित्रे उतरवून घेतली. इंग्लंडला पोहोचलेल्या त्या पटांपैकी बहुतेक सगळे सिडनहॅमच्या काचमहालात प्रदर्शनासाठी टांगले होते, आणि डिसेंबर १८६६ मध्ये त्या महालाला आग लागून ते भस्मसात झाले. गिलने अंगावर घेतलेले रंगांचे काम असे गेले. मात्र मधल्या काळात त्याने कॅमेरा हाती धरला होता. अजिंठ्याबरोबरच लोणारची देवळे आणि भोवतालच्या टापूतील जुन्या वास्तू यांची त्याने चित्रे घेतली, आणि त्यांतील निवडक चित्रांची वास्तुकलेचा इतिहासकार जेम्स फर्ग्युसन याच्या विवेचनासह लंडनला १८६४ साली पुस्तके निघाली. ती टिकली. आज लोणारच्या देवळाची दीडशे वर्षांपूर्वीची अवस्था पाहावयाची असेल, तर गिलच्या त्या बदामी छटेच्या चित्रांकडेच जावे लागते.

त्या चित्रांकडे पाहताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. गिलच्या काळी काचेवर कलोडियनचा ओला थर देऊन, तो वाळण्यापूर्वीच चित्र घ्यावे लागे. आणि त्या थराला प्रकाशातील निळा भाग तेवढा उत्तम कळे, तांबडा जवळजवळ कळतच नसे. परिणाम असा होई, की निळे आकाश पार पांढरे, कोरे उमटे. तांबडी माती, वीट, गेरू आणि शेंदूर ही सर्व काळीठिक्कर पडत. झाडांची हिरवळ तर काळोखाचा ढीगच. म्हणजे शेंदूर फासलेली मूर्ती आणि काजळीने माखलेली मूर्ती यांत त्या काचेला भेद करता येत नव्हता. १८७३ मध्ये फोगेल या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने रंगद्रव्ये मिसळून हिरव्याची जाण वाढविण्याची रीत काढली आणि पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी तांबड्यासह सर्व रंग जाणणाऱ्या काचा बाजारात आल्या. तोपर्यंतची बहुतेक कृष्णधवल चित्रे ही अशी एकाक्ष आहेत. कृष्णधवल चित्र हे प्रामाणिक, निर्लेप आणि वस्तुनिष्ठ असते अशी जी श्रद्धा आपल्याकडे रूढ आहे, तिचा पाया किती कच्चा आहे हे यावरून कळावे. रंगांचे राखाडीत रूपांतर करताना कोणता रंग किती उजळ धरावयाचा हे कोणीतरी ठरवितच असते. गिलच्या वेळी ते रसायन ठरवीत होते, आज आपण ठरवितो.

आजची रीत कशी आहे ते थोडक्यात सांगतो. कॅमेऱ्यातील संवेदक पटलावर तांबड्या, हिरव्या आणि निळ्या गाळण्यांची बारीक चौकटनक्षी बसविलेली असते. ब्राइस बायर या संशोधकाला तिचे एकस्व १९७६ साली मिळाले. म्हणजे सामान्यतः वापरातला कॅमेरा चित्र घेतो ते रंगांतच घेतो, आणि कृष्णधवल ही मागाहून केलेली वजाबाकी असते. ही वजाबाकी प्रचलित प्रमाणानुसार केली, तर उजळपणाच्या हिशेबात हिरव्याला सुमारे ७२ टक्के, तांबड्याला २१ आणि निळ्याला अवघे ७ टक्के वजन मिळते. संस्करण करणारा हे प्रमाण हवे तसे बदलू शकतो. तांबड्याचे वजन वाढविले की विटांची भिंत उजळून निघते आणि आकाश वादळापूर्वीच्यासारखे काळवंडते. निळ्याचे वाढविले की तीच भिंत काळी पडते आणि आकाश गिलच्या आकाशासारखे कोरे होते. एकाच वाड्याची, एकाच क्षणाची ही दोन चित्रे शेजारी ठेवली, तर एकात वाडा तालेवार दिसतो आणि दुसऱ्यात शापित.

एवढे सांगितल्यावर कृष्णधवलाचा पक्षही मनापासून मांडला पाहिजे, कारण तो दुबळा नाही. लोणार गावातील दैत्यसूदनाच्या मंदिरासमोर सकाळी उभे राहावे. ताऱ्याच्या आकाराचे विधान असल्यामुळे त्याच्या बाह्य भिंतीला असंख्य कोन आहेत, आणि प्रत्येक कोनावर ऊन निराळ्या तिरपेपणाने पडते. एक कंगोरा लखलखीत, त्याच्या शेजारचा अर्धछायेत, त्यापलीकडचा गडद, अशी ती पायरी पायरीने उतरत जाणारी छाया हेच त्या स्थपतीच्या कौशल्याचे मर्म आहे. दगड एकरंगी, आपला बेसाल्ट. तेथे रंगाला सांगण्यासारखे थोडे आहे, आणि जे आहे ते बहुधा आगंतुक आहे: सूचनाफलकाचा निळा, प्रवाशांच्या कपड्यांचे लाल-पिवळे. असे चित्र कृष्णधवल केले म्हणजे दृष्टी आपोआप घडणीकडे, कोरणीच्या खोलीकडे, सांध्यांकडे वळते. हेन्री कझेन्सने दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवर १९३१ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातील कृष्णधवल पाने आजही विद्यार्थ्यांना उपयोगी पडतात ती याच कारणाने. मेहकरच्या कंचनीच्या महालाचेही तसेच. त्याच्या उभ्या भिंतींपेक्षा लोककथाच अधिक शाबूत राहिली आहे. त्याच मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांना त्या महालावर काव्य लिहावेसे वाटले यात नवल नाही, आणि एखाद्या छायाचित्रकाराने त्या अवशेषांतून रंग काढून घेऊन कथेला वाव दिला, तर त्यालाही मी हरकत घेणार नाही.

हरकत सुरू होते ती पुढे. बाराव्या-तेराव्या शतकातील देऊळ आणि विसेक वर्षांपूर्वी कुलूप लागलेला वाडा यांना कृष्णधवल चित्र एकाच वयाचे करून टाकते. मनुष्य जेथे कालपरवापर्यंत राहत होता, त्या घराला ते इतिहासात ढकलते. आणि एकदा घर इतिहासात गेले म्हणजे ते ओसाड कोणी केले, कशाने झाले, कोणाचा वाटणीचा दावा लांबला, कोणत्या वर्षी विहीर आटली आणि मुले पुण्याला गेली, हे प्रश्न विचारावेसे वाटत नाहीत. ओसाडपणा हा काळाचा महिमा ठरतो, आणि त्यात कोणाचाच हात उरत नाही. ही गोष्ट मला कलेच्या दृष्टीनेही चुकीची वाटते आणि न्यायाच्या दृष्टीने तर फारच.

नांदुरा तालुक्यात पूर्णेवर होत असलेल्या जिगाव प्रकल्पाचे उदाहरण घ्या. बुडीत क्षेत्रातील गावे उठतात, माणसे नव्या गावठाणावर जातात. जाताना दारे, चौकटी, सागवानी तुळया, पत्रे असे जे नेण्यासारखे असेल ते बरोबर नेतात, आणि मागे उरतात त्या भिंती. अशा उठलेल्या घराच्या एका भिंतीपाशी थोडे थांबू. निळीच्या चुन्याने सारवलेली ती भिंत उन्हाने फिकट झालेली असते, पण जेथे वर्षानुवर्षे दिनदर्शिका टांगली होती तेथे निळ्याचा एक गडद चौकोन जसाच्या तसा असतो. देवळीच्या वर तेलाच्या दिव्याची काजळी निमुळती होत गेलेली. जेथे चौकट होती तेथे, खांद्याच्या उंचीवर, लग्न होऊन आलेल्या सुनेच्या हाताचा कुंकवाचा ठसा. खाली जमिनीलगत पावसाच्या ओलीने चढलेला लोणा. आता या भिंतीचे रंग काढा. निळा फिकट असल्याने तो राखाडी होऊन बाजूच्या मातीच्या गिलाव्यात मिसळतो. दिनदर्शिकेचा चौकोन पुसटतो. काजळी आणि पावसाचा ओघळ एकच दिसतात. आणि कुंकवाचा हात हा कोणाच्या तरी ओशट हाताचा डाग ठरतो. भिंत सुंदर दिसते, कदाचित अधिकच सुंदर दिसते, परंतु तेथे लग्न झाले होते ही बातमी नाहीशी होते. सरकारी पंचनाम्यात त्या घराची लांबी, रुंदी, भिंतीचा प्रकार आणि मोबदल्याची रक्कम लिहिली जाते. कुंकवाच्या हातासाठी त्या नमुन्यात रकाना नसतो. तो रकाना भरण्याचे काम छायाचित्राने करावयाचे, आणि ते रंगावाचून होत नाही.

जतनाच्या कामातही हेच आहे. वास्तूच्या अंगावरचे डाग हे तिच्या दुखण्याचे लक्षण असते. ओले हिरवे शेवाळ म्हणजे तेथे आजही पाणी मुरत आहे. वाळून काळे झालेले शेवाळ म्हणजे ते पावसाळ्यातच येते. नारिंगी ओघळ म्हणजे आत कोठेतरी लोखंड गंजते आहे. दगडावरची पिवळसर दगडफुले म्हणजे तो भाग बराच काळ कोणी हलविलेला नाही. आणि धुराची काळी पुटे म्हणजे कोणी मध्यंतरी तेथे चूल मांडली होती. या पाचांपैकी तीन-चार गोष्टी कृष्णधवलात एकाच काळपट छटेच्या होतात. डॉक्टरने रोग्याची जीभ न पाहता औषध लिहून द्यावे, तसे हे होईल.

सिंदखेड राजाची जून २०२४ मधील घटना आपणांस आठवत असेल. लखुजीराव जाधवांच्या समाधीच्या परिसरात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचे जतनकाम चालू असताना जमिनीखालून शिवमंदिराचे अवशेष आणि शेषशायी विष्णूची भव्य मूर्ती निघाली. वृत्तपत्रांतून तिची चित्रे झळकली, आणि मूर्तीची रेखीव घडण सर्वांनी वाखाणली. तथापि जाणकारांनी पहिल्याने काय सांगितले? की हा दगड आपल्याकडचा बेसाल्ट नव्हे, हा क्लोराइट शिस्ट आहे, आणि अशा मऊ दगडातील कोरीवकाम दक्षिणेकडे, होयसळांच्या मुलखात विशेष आढळते. म्हणजे मूर्ती वा दगड वा कारागीर कोठून आला, या साऱ्या चर्चेचा उगम दगडाच्या जातीत आहे. आणि दगडाची जात चित्रावरून निदान संशय येण्याइतपत कळावयाची, तर त्याच्या राखाडीतील ती किंचित हिरवट झाक चित्रात उतरलेली असली पाहिजे. कृष्णधवल चित्रात बेसाल्ट काय आणि शिस्ट काय, दोन्ही राखाडीच.

त्याच न्यायाने जून २०२० मध्ये लोणारचे पाणी गुलाबी झाले, तेव्हाची चित्रे रंगाविना निरर्थक ठरली असती. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची दखल घेतली, पाण्याचे नमुने तपासले गेले, आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने क्षारप्रिय सूक्ष्मजीवांतील रंगद्रव्य हे त्याचे कारण सांगितले. परंतु याच घटनेने रंगाच्या बाजूची लबाडीही दाखवून दिली. त्या दिवसांत हातोहात फिरलेल्या चित्रांत एकच तळे कोठे फिकट, कोठे डाळिंबी, तर कोठे लग्नातल्या सरबतासारखे भडक दिसत होते. कारण हातातले मोबाइल संच पाहणाऱ्याला खूश करण्यासाठी रंग आपणहून चढवितात, आणि त्यावर पाठविणारा आणखी चढवितो. काठावरची देवळे त्या चढाओढीत जांभळट झाली. दुष्काळी वर्षातले वाळके गवत पोपटी करणे, संध्याकाळचा पिवळेपणा सर्व दगडांवर सोन्यासारखा ओतणे, आकाशाला नसलेला निळा देणे, हे सर्व रंगाच्या नावाने चालते. अशा चित्रापेक्षा शांतपणे केलेले कृष्णधवल चित्र शतपटीने बरे, हे मी बेलाशक मान्य करतो.

रंग हा नेहमी वास्तूचाच असतो असेही नाही, आणि याचा मोठा धडा पुन्हा अजिंठ्यातच आहे. हैदराबाद संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याने १९२० नंतर इटलीहून जतनतज्ज्ञ आणविले. त्यांनी चित्रे सुटू नयेत म्हणून पुष्कळ काळजीने काम केले, पण चित्रांवर दिलेला लाखेचा थर पुढे पिवळट आणि गडद होत गेला. त्यानंतरच्या रंगीत छायाचित्रांतील ती मधासारखी उबदार झाक प्राचीन चित्रकाराची किती आणि लाखेची किती, हे वेगळे काढावे लागते. त्याच खात्याचे संचालक गुलाम यझदानी यांनी १९३० ते १९५५ या काळात अजिंठ्याच्या चित्रांचे चार भाग प्रसिद्ध केले, आणि त्या ग्रंथाच्या नावातच रंगीत व एकरंगी अशा दोन्ही प्रतिमांचा उल्लेख आहे. मला या ग्रंथाची योजना फार आदरणीय वाटते. जेथे रंग हाच आशय तेथे रंग, जेथे रेषा पारखावयाची तेथे एकरंग; आणि कोणते पान कशाचे आहे हे वाचकाला उघड सांगितलेले.

अलीकडे एक नवीनच गोष्ट सुरू झाली आहे, आणि तिच्याविषयी मला तीव्रपणे बोलावयाचे आहे. जुन्या कृष्णधवल चित्रांत संगणकाकडून रंग भरून घेण्याची हौस वाढली आहे. आजोबांच्या छायाचित्रातला फेटा गुलाबी झाला तर घरच्यांना आनंद होतो, आणि पूर्वीच्या स्टुडिओंतूनही चित्रे हाताने रंगविली जातच. त्यात फसवणूक नव्हती, कारण तो हात दिसत असे. पण लोणारच्या देवळाच्या दीडशे वर्षांपूर्वीच्या चित्रात यंत्राने भरलेला रंग हा केवळ अंदाज आहे. त्या काचेला शेंदूर आणि काजळी यांतला भेदच कळत नव्हता हे मी मघाशी सांगितले. जो भेद मूळ साक्षीदाराला कळला नाही, तो यंत्र कोठून आणणार? असे चित्र पुस्तकात किंवा संग्रहालयात ‘त्या काळचे दर्शन’ म्हणून लावणे हा बनावट दस्तऐवज आहे, आणि त्याला तेच नाव द्यावे.

आता माझा निर्णय सांगतो. ओसाड वास्तूचे पहिले चित्र रंगांत असावे, आणि ते रंग त्या दिवसाच्या, त्या प्रहराच्या उजेडाशी इमान राखणारे असावेत. त्यासाठी चित्राच्या कोपऱ्यात करड्या रंगाची एक प्रमाणपट्टी ठेवून एक चित्र घेतले, तर पुढे पांढरा रंग पांढरा आहे की नाही हे ताडून पाहता येते. कृष्णधवल चित्र हे दुसरे. ते अवश्य करावे, प्रेमाने करावे, घडीव दगडाच्या वास्तूंचे तर करावेच. पण त्याखाली ते रंगीतावरून केले आहे असे लिहावे आणि मूळ चित्र नष्ट करू नये. जेथे माणसे कालपर्यंत राहत होती अशा घरांच्या बाबतीत मात्र मी कृष्णधवलाला प्रदर्शनात एकटे उभे राहू देणार नाही. स्पर्धांच्या परीक्षकांना आणि दिवाळी अंकांच्या संपादकांना माझी विनंती आहे, की पडक्या वाड्याचे कृष्णधवल चित्र आले तर त्याचे मूळ रंगीत चित्र मागवून घ्यावे आणि मगच निकाल द्यावा.

श्रोत्यांत महाविद्यालयीन मुलेमुली पुष्कळ दिसतात. शेवटचे चार शब्द त्यांच्यासाठी. महागडा कॅमेरा लागत नाही, खिशातला मोबाइल पुरे; फक्त त्यातील रंग आपणहून खुलविणारी योजना जितकी बंद करता येईल तितकी करा. आपल्या गावातील जी गढी, जो वाडा, जी बंद पडलेली जिनिंग येत्या पावसाळ्यात खचेल अशी धास्ती वाटते, तिचे चित्र पावसाळ्यापूर्वी घ्या. समोरून घ्या, चारही बाजूंनी घ्या, आणि एखाद्या भिंतीचे अगदी जवळून घ्या. मालकाची परवानगी घेऊन आत जा. गावाचे नाव, तारीख, वेळ आणि घर कोणत्या साली व कशाने ओस पडले याविषयी शेजारी जे सांगतील ते लिहून ठेवा, आणि संस्करण न केलेली मूळ प्रत त्या टिपणासह गावच्या सार्वजनिक वाचनालयाच्या दप्तरी जमा करा.